नोंद नसलेल्या जमिनीवरची वीज

कसमादे पट्ट्यात, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांत, शेतकऱ्याला विजेबद्दल विचारले तर तो युनिटचा दर नंतर सांगतो, आधी वेळ सांगतो. थ्री फेज या आठवड्यात दिवसा आहे की रात्री, यावर त्याच्या घराचे वेळापत्रक ठरते. उन्हाळी कांद्याला पाणी द्यायचे दिवस थंडीचे असतात. रात्रपाळीची वीज असली की माणूस बॅटरी घेऊन विहिरीवर जातो, मोटर सुरू करतो आणि वाफे धरत अंधारात उभा राहतो. साप आहे, गारठा आहे, आणि अलीकडे उसाच्या व मक्याच्या आडोशाने गावालगत आलेला बिबट्याही आहे. त्यामुळे दिवसा वीज मिळावी ही मागणी हौसेची नाही, जिवाची आहे. उमराणे आणि देवळ्याच्या बाजार समित्यांत जो कांदा येतो, त्यातल्या बऱ्याच कांद्याला अशा रात्री जागून पाणी दिलेले असते. सौर ऊर्जेने ही रात्रपाळी संपणार असेल, तर त्या ऊर्जेचे स्वागतच करायला हवे. या लेखातला युक्तिवाद त्या स्वागतापासूनच सुरू होतो. वीज दिवसा यावी, सूर्यापासून यावी, आणि लवकर यावी. प्रश्न एवढाच आहे, की ती कोणाच्या जमिनीवर तयार होणार आणि त्या जमिनीची किंमत कोणाला मिळणार.

राज्य सरकारने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर केला. कल्पना सोपी आणि चांगली आहे. गावोगावच्या वीज उपकेंद्रांतून शेतीसाठी वेगळ्या वाहिन्या निघतात. त्या उपकेंद्राच्या पाच-दहा किलोमीटरच्या परिघात काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज थेट त्या वाहिनीवर सोडायची. सूर्य दिवसा तळपतो आणि शेतीला वीज दिवसाच हवी असते, त्यामुळे साठवणुकीचा खर्च टळतो. लांबच्या औष्णिक केंद्रातून वीज आणताना होणारी गळती वाचते. राज्यात सुमारे पंचेचाळीस लाख कृषिपंप आहेत. त्यांच्या सवलतीच्या विजेचा बोजा उद्योगांच्या आणि घरांच्या बिलावर पडतो, तोही पुढे हलका होऊ शकतो. एकूण सोळा हजार मेगावॉटचे लक्ष्य ठेवले गेले आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक मेगावॉटची कामे मार्च २०२४ मध्ये कंपन्यांना देण्यात आली. हवामान बदलावरच्या धोरणात शेतकऱ्याच्या बांधापर्यंत थेट पोहोचणारा हा एक मोठा कार्यक्रम आहे.

आता याच योजनेतला जमिनीचा हिशेब पाहू. खासगी जमीन भाड्याने दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये मिळतात आणि त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ होते. पंचवीस वर्षांची बेरीज केली तर एका हेक्टरमागे चाळीस लाखांहून अधिक रुपये होतात. सरकारी जमीन असेल तर ती नाममात्र एक रुपया भाड्याने दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प होतो तिला वर्षाला पाच लाख रुपये, तेही तीन वर्षे, एवढे अनुदान आहे. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर लागतात. म्हणजे पाच मेगावॉटच्या प्रकल्पाला आठ ते दहा हेक्टर. हीच दहा हेक्टर जमीन सातबारावर कोणाच्या नावाने असेल, तर पंचवीस वर्षांत चार कोटींच्या वर भाडे येईल. ती गायरान असेल, तर जमिनीपोटी पंचवीस रुपये आणि गावाला पंधरा लाख. हवामान धोरणाने जमिनीला किंमत दिली, पण ती कागदावर नाव असलेल्या जमिनीलाच दिली. ज्या जमिनीवर नाव नाही, ती फुकट ठरली. आणि या पट्ट्यात नाव नसलेल्या जमिनीवर जगणारी माणसे बहुतेक आदिवासी आणि भूमिहीन आहेत. स्वस्त हरित विजेची किंमत अशा रीतीने त्यांच्या खात्यावर मांडली जाते. या धोरणाची ही मूळ चूक आहे, आणि ती सुधारता येण्याजोगी आहे.

पडीक म्हणजे काय

सरकारी भाषेत गायरान आणि पोटखराब्याला पडीक म्हणतात, आणि नकाशात तिथे काहीच नसते. प्रत्यक्षात एखाद्या गावाचे गायरान सकाळी पाहावे. शेळ्यांचे कळप तिथे सुटलेले असतात. पावसाळ्यानंतर गवत कापून भारे बांधले जातात. बाभळीच्या आणि तरवडाच्या वाळल्या काटक्या सरपणाला जातात, शेण गोवऱ्यांना जाते, बोरे पोरांच्या खिशात जातात. कडेला एक भिल्ल वस्ती असते. चार-दोन घरे घरकुलाची, बाकी कुडाची आणि पत्र्याची. त्या वस्तीतली माणसे हंगामात कांद्याच्या लागणीला आणि काढणीला जातात, उसाला जातात, आणि काम नसलेल्या महिन्यांत त्यांच्याकडे उरते ती शेळी. शेळी हीच त्यांची बचत असते. दवाखाना निघाला, लग्न निघाले, शाळेची फी निघाली, की एक बोकड बाजारात जातो. ज्याच्याकडे बांध नाही त्याला शेळी पाळायची तर चराईला सार्वजनिक जागा लागते. आठ हेक्टरला तारेचे कुंपण पडले की गावाच्या उत्पन्नाच्या कोणत्याही आकडेवारीत फरक पडत नाही, कारण ती बचत कधी मोजलीच गेलेली नव्हती. वस्तीतल्या घरांत मात्र फरक पडतो. सौर प्रकल्पातून मिळणारा कायमचा रोजगार म्हणजे एक-दोन रखवालदार आणि पॅनेल धुणारी चार माणसे. गायरान गमावलेल्या घरांची संख्या त्याहून कितीतरी मोठी असू शकते.

ही माणसे त्या जमिनीवर अतिक्रमण करून बसली आहेत, असे म्हटले जाते. महाराष्ट्राचा इतिहास त्याला वेगळे उत्तर देतो. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. नाशिक आणि खानदेश ही त्यांची प्रमुख भूमी होती. पडीक सरकारी जमीन भूमिहीनाला कसायला द्या, ही त्यांची मागणी होती, आणि त्यासाठी हजारो माणसे तुरुंगात गेली. पुढे राज्य सरकारनेच १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची शेतीसाठीची अतिक्रमणे नियमित करण्याचे धोरण स्वीकारले. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सार्वजनिक जमिनी वाचवण्याचा कडक आदेश दिला. गायरान मोकळे करण्यासाठी आजही तोच निकाल पुढे केला जातो. त्या निकालात मात्र एक अपवाद स्पष्ट लिहिलेला आहे. सरकारी अधिसूचनेनुसार भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना जमीन दिली असेल, तर नियमितीकरणाचा विचार करता येईल, असे न्यायालयाने म्हटले आहे. शिवाय तो निकाल गावाची सामाईक जमीन गावासाठी राखण्याबद्दल आहे. ती गावाच्या हातून काढून पंचवीस वर्षांसाठी कंपनीच्या कुंपणात घालण्याला त्या निकालाचा आधार घेणे म्हणजे न्यायालयाचा हेतू उलटा करणे आहे.

साक्रीचे दोन डोंगर

देवळ्याच्या पश्चिमेला कळवण आणि सुरगाणा हे तालुके राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत आहेत. उत्तरेला बागलाण, म्हणजे सटाणा तालुका, ओलांडला की धुळे जिल्ह्यातला साक्री तालुका लागतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यातला दर चौथा माणूस आदिवासी होता: ६१ लाखांत १५ लाखांहून अधिक. कोकणा, भिल्ल, महादेव कोळी, वारली असे हे समाज. त्यांच्यातल्या अनेक कुटुंबांची शेती वनखात्याच्या जमिनीवर आहे आणि बोलीत तिला फॉरेस्ट प्लॉट म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या अशा जमिनीवरचा हक्क मान्य केला. गावसभेने दावा तपासायचा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती अशी त्याची वाट आहे. या वाटेवर लोकांनी सादर केलेल्या पुराव्यांत एक कागद वारंवार दिसतो: वनखात्याने पूर्वी आकारलेल्या दंडाची पावती. जी शिक्षा म्हणून दिली गेली, तीच त्या शेतात तो माणूस होता याची साक्ष ठरली. तरीही असंख्य दावे फेटाळले गेले, आणि मंजूर झाले त्यांतही कसलेले क्षेत्र एकरांत आणि दाखल्यावरचे गुंठ्यांत अशी तक्रार घरोघर आहे. मार्च २०१८ मध्ये किसान सभेचा लाल बावटा घेऊन नाशिकहून मुंबईला जो मोर्चा चालत गेला, त्याच्या अग्रभागी सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीची माणसे होती आणि पहिली मागणी वनजमिनीच्या हक्काची होती. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले. पाच वर्षांनी, मार्च २०२३ मध्ये, दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला तेव्हा त्याच मागणीचा उच्चार पुन्हा करावा लागला.

हक्काची नोंद अशी रखडलेली असताना ऊर्जा प्रकल्पाची फाइल पुढे गेली तर काय होते, याचे उदाहरण साक्रीत आहे. या शतकाच्या पहिल्या दशकात ब्राह्मणवेल आणि आसपासच्या डोंगरांवर पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. देशातल्या मोठ्या पवन ऊर्जा क्षेत्रांत तिची गणना होते. त्यातली काही जमीन वनखात्याची होती आणि ती प्रकल्पासाठी वळती करण्यात आली. त्याच उतारांवर आदिवासी कुटुंबे कसत होती आणि त्यांचे हक्क अजून तपासले जायचे होते. सत्यशोधक ग्रामीण कष्टकरी सभेने हा प्रश्न वर्षानुवर्षे लावून धरला. इथे दोन पक्षांची तुलना केली की अन्याय कसा घडतो ते दिसते. कंपनीकडे सर्वेक्षण होते, नकाशे होते, सल्लागार होते, कर्ज देणारी बँक होती, त्यामुळे तिची फाइल मुंबई-दिल्लीत फिरू शकली. कसणाऱ्याकडे दंडाची पावती आणि म्हाताऱ्यांची साक्ष होती, आणि ती तालुक्याच्या कचेरीतच अडली. कोणी कट केला असेल-नसेल, तरी ज्या व्यवस्थेत एका फाइलला वेग आहे आणि दुसरीला नाही, तिथे निकाल आधीच लागलेला असतो.

हे एका तालुक्यापुरते नव्हते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने ऑगस्ट २०११ मध्ये अहवाल दिला. भीमाशंकर परिसरातल्या आंध्रा जलाशयाजवळचा पवन प्रकल्प त्यात उदाहरण म्हणून तपासला आहे. सुमारे १९५ हेक्टर वनजमीन त्यासाठी वळती झाली होती. डोंगरमाथ्यांपर्यंत अवजड यंत्रे नेण्यासाठी उभ्या उतारांवर रस्ते खोदले गेले, माती खाली ओढ्यांत आणि शेतांत आली, आणि तिथल्या लोकांचे वनहक्क तपासले गेलेले नव्हते. त्याआधीच ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन वळती करण्यापूर्वी वनहक्कांची प्रक्रिया पूर्ण करणे आणि गावसभेची संमती घेणे बंधनकारक केले होते. पुढे ते बंधन सैल होत गेले. २०१३ मध्ये रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा लांबट प्रकल्पांना गावसभेच्या संमतीतून सूट मिळाली. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी हक्क तपासण्याची जबाबदारी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर टाकली. म्हणजे जमीन आधी जाणार आणि ती कोणाची हे मागाहून पाहिले जाणार. सौर प्रकल्पांना तर २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार आघात मूल्यांकनही लागत नाही, आणि त्यामुळे जनसुनावणीही होत नाही. ज्या प्रकल्पाला धूर नाही त्याला जाब विचारण्याची गरज नाही, असे गृहीत धरले गेले आहे.

याच साक्री तालुक्यात दुसरा डोंगर आहे तो बारीपाड्याचा. चैत्राम पवार आणि त्यांच्या आदिवासी गावकऱ्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ खपून ओसाड डोंगरावर चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. कुऱ्हाडबंदी केली, चराईचे नियम केले, पहारा ठेवला, बंधारे घातले. विहिरींना पाणी आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. हवामानाच्या भाषेत बोलायचे तर बारीपाड्याने कार्बन जमिनीत आणि झाडांत साठवला, पाणी अडवले आणि गावाला अनियमित पावसासाठी सज्ज केले. हवामान धोरणात ज्याला शमन आणि अनुकूलन म्हणतात ती दोन्ही कामे एकाच गावसभेने केली. गावाला निर्णयाचा अधिकार असला की काय घडते हे बारीपाड्याने दाखवले. निर्णय दुसरीकडे झाला की काय घडते हे ब्राह्मणवेलने दाखवले. दोन्हीकडे माणसे त्याच समाजांतली, तोच पाऊस, तोच सह्याद्रीचा फाटा. फरक निर्णय कोणाचा याचाच आहे.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. १९२१ च्या एप्रिलमध्ये मुळशीच्या मावळ्यांनी धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण होते टाटांच्या जलविद्युत योजनेचे, आणि ती वीज मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. आजच्या व्याख्येत ती स्वच्छ ऊर्जाच होती. गिरण्यांना वीज मिळाली, मावळ्यांची शेते गेली. पुढे सरदार सरोवराने नंदुरबारची ३३ आदिवासी गावे बाधित केली. त्या धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा ठरला. जमीन सातपुड्याने दिली, वीज राज्याच्या जाळ्यात गेली. इंधन काय जाळले यावरून ऊर्जा न्याय्य ठरत नाही. कोळशाने चंद्रपूरला आणि छत्तीसगडमधल्या हसदेवच्या जंगलाला जे केले त्याहून सूर्याची वीज कितीतरी बरी आहे. पण ती कोळशापेक्षा बरी आहे एवढ्यावर समाधान मानले, तर मुळशी पुन्हा घडेल.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

पहिला आक्षेप वेळेचा. तापमान वाढते आहे, गारपीट आणि अवकाळी पाऊस कसमादेचा कांदा आणि डाळिंब दर काही वर्षांनी झोपवतो आहे. ग्लासगोच्या हवामान परिषदेत २०२१ मध्ये भारताने २०३० पर्यंत पाचशे गिगावॉट अ-जीवाश्म क्षमतेचे उद्दिष्ट सांगितले. अशा वेळी गावसभा, दावे, मोजणी यांत वर्षे घालवायची का? या आक्षेपात तळमळ आहे, म्हणून त्याला उत्तर द्यायला हवे. वनहक्क कायदा लागू होऊन सतरा वर्षांहून अधिक काळ लोटला. हा उशीर आदिवासींनी केलेला नाही. आणि घाईने वेळ वाचतो हेही खरे नाही. नॉर्वेतल्या फोसेन द्वीपकल्पावर सामी लोकांच्या रेनडिअर चराईच्या भूमीवर १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्या. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की हे परवाने सामींच्या सांस्कृतिक हक्कांचा भंग करतात. हरित ऊर्जा महत्त्वाची आहे हे न्यायालयाने नाकारले नाही. पण त्या कारणाने हक्क बाजूला सारता येत नाही, आणि कमी हानीचे पर्याय होते, असे सांगितले. त्यानंतर तरुणांची निदर्शने झाली आणि तडजोडी पूर्ण व्हायला २०२४ उजाडले. केनियात तुर्काना सरोवराजवळच्या मोठ्या पवन प्रकल्पाचे जमिनीचे कागदही २०२१ मध्ये तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवले. श्रीमंत नॉर्वे असो की केनिया, हक्क आधी न तपासल्याची किंमत नंतर अधिक व्याजासह मोजावी लागली.

दुसरा आक्षेप जमिनीचा. एवढे सौर प्रकल्प करायचे तर जागा आणायची कुठून, सरकारी जमीन वापरली नाही तर योजना महाग होईल, असे म्हटले जाते. हिशेब करून पाहावा. सोळा हजार मेगावॉटला चार-पाच एकर प्रमाणे ६४ ते ८० हजार एकर, म्हणजे २६ ते ३२ हजार हेक्टर लागतात. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ तीन कोटी सात लाख हेक्टर आहे. हजारात एक हिस्सा जमीन पुरते. इतक्या थोड्या जमिनीसाठी नेमकी सर्वांत गरीब माणसाची आधाराची जागा निवडण्याची सक्ती कोणतीही भौतिक अडचण करत नाही. सोयीपोटी ती निवडली जाते, कारण एका जागी सलग आठ हेक्टर, एकच मालक, आणि तो मालकही सरकार. देवळ्यासारख्या तालुक्यात पाण्याअभावी पडून असलेल्या खासगी माळरानांची कमतरता नाही. हेक्टरी सव्वा लाख भाडे कोरडवाहू शेतकऱ्याला पिकापेक्षा अधिक खात्रीचे उत्पन्न आहे. कालवे आहेत, शाळांची आणि बाजार समित्यांची छपरे आहेत. भाडे द्यावे लागले म्हणून युनिटमागे थोडे पैसे वाढतील हे खरे. पण तो खर्च आजही होतोच आहे, फक्त तो बिलात दिसत नाही. शेळी गमावलेले घर तो भरत असते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे, आणि तो आदिवासींच्या बाजूने येतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ३६ अ मुळे आदिवासीला आपली जमीन बिगर आदिवासीला परवानगीशिवाय विकता किंवा भाड्याने देता येत नाही. मग शेजारच्या शेतकऱ्याला सव्वा लाख मिळत असताना आदिवासी मालकाने ते का गमवावे? सप्टेंबर २०२५ मध्ये महसूल मंत्री चंद्रशेखर बावनकुळे यांनी आदिवासींना जमीन खासगी भाडेपट्ट्याने देता यावी असा कायदा आणण्याचे जाहीर केले, तेव्हा हाच युक्तिवाद पुढे आला, आणि आदिवासी संघटनांनी त्याला जोरदार विरोधही केला. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. १९७४ चा जमिनी परत देण्याचा कायदा करावा लागला, कारण उसनवारी, गहाण आणि कसण्याला दिलेली जमीन यांतून आदिवासींची शेते पिढीच्या आत दुसऱ्यांच्या नावावर गेली होती. ती वाट पुन्हा मोकळी करणे धोक्याचे आहे. पण भाड्याचे उत्पन्न कायम नाकारणेही अन्यायाचे आहे. मधला मार्ग आहे: फक्त सौर वाहिनी योजनेसाठी, गावसभेच्या ठरावाने, ठरलेल्या सरकारी दरापेक्षा कमी नाही अशा भाड्याने, महावितरणला थेट भाडेपट्टा, पैसे थेट खात्यात, आणि मुदत संपल्यावर जमीन विनाअट परत. खासगी दलालाला त्यात जागाच नको.

हक्क आधी, प्रकल्प नंतर

म्हणून या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, की कोणत्याही सौर किंवा पवन प्रकल्पाची जागा ठरण्यापूर्वी त्या जागेवरचे हक्क नोंदले जावेत. वनजमीन असेल तर तिथले वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली निघेपर्यंत वळती करण्याचा प्रस्ताव पुढे जाऊ नये. २००६ च्या कायद्याचे कलम ४(५) हक्कांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हटवता येणार नाही असे सांगतेच. गायरान असेल तर कोण चरवतो, कोण कसतो, कोण राहतो याची गावसभेसमोर यादी व्हावी आणि ती यादी प्रस्तावाला जोडावी. हे काम तलाठी, ग्रामसेवक आणि वस्तीतली माणसे एकत्र बसली तर काही आठवड्यांत होते. प्रकल्पाची निविदा निघून, कर्ज उचलून, कामे पूर्ण व्हायला लागणाऱ्या काळापुढे ते काहीच नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. सार्वजनिक जमीन निवडायचीच असेल तर तिलाही खासगी जमिनीचाच दर लागला पाहिजे. दहा हेक्टरचे पहिल्या वर्षाचे साडेबारा लाख रुपये भाडे गावसभेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे आणि त्याच्या खर्चात त्या जमिनीवर अवलंबून असलेल्या वस्तीचा पहिला वाटा ठरलेला असावा. तीन वर्षांच्या अनुदानाने पंचवीस वर्षांचे नुकसान भरून निघत नाही. कुंपणाच्या आत शेळ्या सोडता येतील अशी पॅनेलची उंची आणि मांडणीही ठरवता येते. जगात अनेक ठिकाणी सौर प्रकल्पांखाली मेंढ्या चरतात, कारण गवत कापण्याचा खर्च वाचतो. इथे तर चराई हाच हक्क आहे, मग निविदेच्या अटींत तो का नसावा?

तिसरी गोष्ट मालकीची. कॅनडात ओंटारिओ प्रांतात हेन्वी इनलेट या मूलनिवासी समाजाच्या भूमीवर तीनशे मेगावॉटचा पवन प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला, आणि त्यात त्या समाजाची अर्धी मालकी आहे. कॅनडाचा मूलनिवासींशी वागण्याचा इतिहास कोणी आदर्श मानणार नाही, तरीही तिथे भाडेकरूऐवजी भागीदार होण्याची वाट उघडली. महाराष्ट्राला सहकाराची सवय शंभर वर्षांची आहे. कारखाने, दूध संघ, पतसंस्था इथे गावाने काढल्या. गावसभेची किंवा वस्तीची सौर सहकारी संस्था का निघू नये? वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये गावसभेच्या शिफारशीने एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन अपारंपरिक ऊर्जेच्या स्रोतासाठी वापरण्याची तरतूद आहेच. ती तरतूद शाळा, अंगणवाडी, पिण्याच्या पाणीपुरवठ्याच्या यादीत ठेवली आहे, म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या मनात ही वीज गावाची होती. कळवण-सुरगाण्यातल्या किती गावांनी ती वापरली हे तपासण्याचे आणि न वापरण्याची कारणे दूर करण्याचे काम आदिवासी विकास विभागाने हाती घ्यावे. जंगलातल्या पाड्यावर अंधार आणि खालच्या गावाच्या गायरानावर कंपनीचा प्रकल्प, ही स्थिती त्या कायद्याला अपेक्षित नव्हती.

देवळ्याच्या शेतकऱ्याची रात्रपाळी आणि सुरगाण्याच्या मजुराचा फॉरेस्ट प्लॉट हे दोन वेगळे प्रश्न वाटतात. प्रत्यक्षात दोघे एकाच वाफ्यात उभे असतात, कारण देवळ्याचा कांदा लावायला सुरगाण्याच्या आणि कळवणच्या टोळ्या येतात. एकाला दिवसा वीज मिळावी म्हणून दुसऱ्याची चराई किंवा शेत जावे, ही निवड कोणी करायला लावत असेल, तर ती खोटी निवड आहे. सव्वा लाखाचा दर सरकारने ठरवला आहे, कायद्यात कलमे आहेत, जमीन हजारात एक हिस्सा लागते. उरते ते एवढेच, की प्रत्येक प्रकल्पाच्या प्रस्तावाच्या पहिल्या पानावर त्या जमिनीवरच्या माणसांची नावे असावीत. ते पान नसेल तर महावितरणने प्रस्ताव परत पाठवावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावर सही करू नये.